अठरा दिवस तुझ्या नावाने

प्रिय अक्का,

सप्रेम जयभीम.

उद्या प्रज्ञाला नांदेडला सोडायला जायचंय. तुझी भाची डॉक्टरकीला लागली गं! सरकारी कॉलेजात, दुसऱ्या फेरीत. तिचं सामान भरून झालंय, लातूरची ही खोलीही जवळपास रिकामी झाली. गॅस, दोन पातेली आणि ही वही तेवढी बाहेर आहे.

तू जाऊन इतके महिने झाले, पण तुला काही सांगायची माझी हिंमत होत नव्हती. आज दुपारी पेटी भरता भरता प्रज्ञानं मला एक प्रश्न विचारला आणि मी तिला खरं काय ते सांगून टाकलं. आता ती खाली मैत्रिणींचा निरोप घ्यायला गेलीय. म्हटलं, लेकीला सांगून झालं, आता बहिणीलाही सांगावं. सगळं, पहिल्यापासून.

लई दमले गं अक्का. दोन वर्षं काढली ह्या खोलीत. तू एकदाच आली होतीस, आणि दारातच म्हणाली होतीस, "सुरे, ही खोली हाय का कपाट?" ह्या गल्लीत घरोघरी वरच्या मजल्यावर अशीच एकेक आई राहते. कुणी कंधारची, कुणी देगलूरची, कुणी पार परभणीकडची. लेकरं क्लासला, नवरे गावाकडं. एकमेकींची नावंसुद्धा लवकर कळत नाहीत. मी प्रज्ञाची मम्मी, शेजारची वैष्णवीची मम्मी. सकाळी सगळ्यांचे कुकर एकदम शिट्ट्या मारतात, साडेसहाला गल्ली रिकामी होते, आणि मग आम्ही जिन्यात बसून काय बोलतो? मार्क! दुसरं काय!

निलंग्यात माझी शिलाई मशीन चादरीखाली पडून आहे. प्रज्ञाचे पप्पा डेपोतून आले की हात धुऊन खिचडी टाकतात. मी तुला एकदा विचारलं होतं, "दोन वर्षं खिचडी खाऊन माणूस आजारी पडंल का गं?" तू म्हणालीस, "पडत न्हाई. पण बायकोचं तोंड विसरंल." तेव्हा किती हसलो होतो आपण!

खरं सांगू? मला आधी तुझ्यावरच रागवायचंय. हे सगळं सुरू कुणी केलं? तूच ना!

प्रज्ञा सातवीत होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत उदगीरला तुझ्याकडं राहिली होती. तू सरकारी दवाखान्यातली नर्सची ड्यूटी करून आलीस, भिंतीला टेकून पाय पसरलेस आणि पिशवीतला स्टेथोस्कोप काढून तिच्या कानाला लावलास. दुसरं टोक आपल्या छातीवर धरलंस. पोरगी किती तरी वेळ हललीच नाही. मग म्हणाली, "मावशी, तुझ्या आत कुणीतरी चालतंय." तू तिला जवळ ओढून म्हणालीस, "मग काय, डॉक्टर व्हायचं का?" झालं! तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषयच नाही. तुला लेकरू नव्हतं, पण त्या दिवशी तू माझं अर्धं वाटून घेतलंस. मला काही म्हणायचं नव्हतं त्यावर. पण वाटून घेतलेलं असं मध्येच सोडून जायचं असतं का गं?

बरं, नुसतं बोलून थांबली असतीस तर! लोक दहावी झाली की क्लास शोधतात, तू आठवीपासूनच मागं लागलीस. विज्ञानाचं पुस्तक तिच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचीस. एक ओळ सोडू द्यायची नाहीस, चित्राखालची बारीक अक्षरंसुद्धा. "पाठ नको करू, मला समजावून सांग. मला समजलं तर समजायचं, की तुलाबी समजलं." मराठी शाळेतली पोर, इंग्रजी नावांना घाबरायची. तू तिला एक वही करून दिलीस. डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला इंग्रजी. यकृत, मूत्रपिंड, झडप, पेशी. "माणूस त्योच हाय पोरी, नुसतं नाव बदललंय," म्हणायचीस. अकरावीत जीवशास्त्राचं जाडजूड इंग्रजी पुस्तक हातात आलं तेव्हा बाकीची पोरं रडकुंडीला आली होती. ही एवढीच म्हणाली, "ह्यातले निम्मे लोक माझ्या ओळखीचे आहेत, मम्मी."

आणि तो जात पडताळणीचा कागद! अकरावीला प्रवेश झाला त्याच आठवड्यात तू मला फोनवर झापलंस. "फाईल आत्ता टाक. बारावीनंतर पळापळ करतात ती माणसं रडतात." आपल्या आजोबांचा जुना दाखला हवा असं आधी मला वाटलं, तर तू वर ओरडलीस, "माझा न्हाई लागत, तुझा न्हाई लागत, तिच्या बापाकडचा लागतोय, खुळे!" मग प्रज्ञाच्या आजोबांच्या शाळेत तूच माझ्यासोबत तीन चकरा मारल्यास. कपाटातले जुने रजिस्टर तूच हुडकायला लावलेस. गेल्या आठवड्यात प्रवेशाच्या टेबलावर तो कागद ठेवला, क्लार्कनं एकदा बघितलं आणि पुढं सरकवला. शेजारच्या खुर्चीवर एक बाप डोकं धरून बसला होता. त्याच्या लेकीचा तोच कागद राहिला होता. मला तेव्हा तुझा आवाज आठवला आणि तिथंच डोळ्यांत पाणी आलं. क्लार्कला वाटलं, आनंदानं.

तू सांगितलंस की डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा दुपारी असते, दुपारची झोप मोड. मी मोडली. दोन ते पाच तिला टेबलाशी बसवायचे, एप्रिलच्या उन्हात पंखा बंद करून. तू सांगितलंस, चुकलेला प्रश्न वेगळ्या वहीत लिहून ठेवू दे, बरोबर आलेल्यांचं कौतुक पुरे. तेही केलं. सगळं ऐकलं तुझं.

एकच ऐकलं नाही.

अकरावीच्या दिवाळीत तू म्हणालीस, "आठ दिवस तिला माझ्या वॉर्डात पाठव."

"कशाला?"

"अभ्यास करणारी पोरं लई पाहिलीत मी. रोग्यापुढं उभं राहता येतंय का, ते तिचं तिला बघू दे एकदा. मार्कांवर कॉलेज मिळतंय सुरे, पण पुढं सगळी जिंदगी दुखणाऱ्या माणसांतच काढायची हाय."

"दिवाळीत क्लासची जादा बॅच हाय, अक्का."

"आठ दिवसांनी काय होतंय?"

"आठ दिवसांत दोन टेस्ट होतात."

तू विषय बदललास. तू अशी कधी माघार घ्यायची नाहीस. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं की मी काहीतरी चुकीचं बोलले.

मग बारावीचा फेब्रुवारी आला. तुझा फोन आला आणि तू पेशंटचा रिपोर्ट वाचावा तसं सांगितलंस, यकृतात गाठ निघालीय, बारीक नाही. मी रडायला लागले तर मलाच दटावलंस. "प्रज्ञाला आत्ता नको सांगू. मी सांगन. समोर बसवून सांगन." त्यातलं मी काय ऐकलं माहीत आहे? "नको सांगू" एवढंच. "समोर बसवून" हे कानात शिरलंच नाही.

मार्चमध्ये बोर्डाचे पेपर संपले. तू म्हणालीस, रविवारी आण. रविवारी टेस्ट. पुढच्या रविवारी आण. पुन्हा टेस्ट. लातूर ते उदगीर काय अंतर आहे गं? सकाळी निघालं तर जेवायला परत! मी दोनदा एकटीच आले. दोन्ही वेळेला मी आत आले, तरी तू माझ्या मागं दाराकडंच बघत होतीस. मग नजर खाली घेऊन म्हणालीस, "बस. चहा घे." पोट फुगलेलं, डोळे पिवळे, आणि मला चहा घे म्हणतेस!

तू तर नर्स होतीस ना, अक्का? दुसऱ्यांच्या नातेवाइकांना तू बाजूला घेऊन सांगायचीस, दिवस थोडे आहेत, बोलावून घ्या सगळ्यांना. मग मला का नाही बाजूला घेतलंस? मला का नाही दरडावून म्हणालीस, की सुरे, माझ्यापाशी इतकेच रविवार आहेत? म्हणाली असतीस तर मी टेस्ट सोडून पोरीला घेऊन आले असते. आले असते ना? ... खरं म्हणजे मला नक्की सांगता येत नाही.

भीमजयंतीच्या दिवशी तुझा शेवटचा फोन आला. खिडकीबाहेर मिरवणुकीची हलगी वाजत होती, तुझा आवाज नीट ऐकू येत नव्हता. तू विचारलंस, "ह्या रविवारी आणतीस का?" मी म्हणाले, "ह्या रविवारी मोठी टेस्ट हाय. पुढच्या रविवारी नक्की."

तू बुधवारीच गेलीस.

तुमच्या वॉर्डातल्या मालन सिस्टरचा फोन आला तेव्हा प्रज्ञा क्लासला होती. मी कुलूप लावून, शेजारी किल्ली ठेवून उदगीरची बस धरली. तुझ्या सोबतच्या सिस्टर ड्यूटीवरून तशाच आल्या होत्या, युनिफॉर्मवर. बुद्धवंदना झाली. जो तो मला विचारत होता, "प्रज्ञा न्हाई आली?" मी म्हणायची, "परीक्षा जवळ आलीय, तिला सांगितलं न्हाई." आणि सगळे मान हलवायचे. हाव, बरोबर केलं. एकानं तरी म्हणावं की बाई, हे काय करून राहिलीस तू! कुणीच म्हणालं नाही.

संध्याकाळी प्रज्ञा यायच्या आत मी लातूरला परत आले. डोक्यावरून आंघोळ केली. ती आली, माझे ओले केस बघून म्हणाली, "एवढ्या संध्याकाळी न्हालीस?"

"लई गरम होत होतं."

ते पहिलं खोटं. मग तिला पोळी वाढली आणि टेस्टमध्ये काय आलं ते विचारलं. 

दुसऱ्या दिवशी क्लासच्या मॅडमना विचारलं, काय करू? त्या म्हणाल्या, "आता सांगाल तर दोन वर्षांची मेहनत जाईल. सगळेच पालक असंच करतात." माझं मन हलकं झालं, अक्का. सगळेच करतात म्हटल्यावर माणसाला किती तसल्ली मिळते!

तू गेलीस त्या दिवसापासून परीक्षेला अठरा दिवस होते.

ती तुला दर दोन दिवसांनी फोन करायची, तुला माहीतच आहे. "मम्मी, मावशीचा फोन लागत न्हाई."

"बिघडलाय तिचा. मघाशी दुसऱ्याच्या फोनवरून बोलली माझ्याशी."

"काय म्हणली?"

आता काय सांगू? मी म्हणाले, "बायोलॉजी पुन्हा एकदा वाच म्हणली. चित्राखालचं बारीक अक्षर सोडू नको म्हणली." पोरगी हसली, "मावशीच ती!" आणि पुस्तक घेऊन बसली.

पहिल्या दिवशी तेवढंच. पण रोज विचारायची गं ती. आणि मी रोज काहीतरी देत गेले. मावशी म्हणली पाणी जास्त पी. मावशी म्हणली फिजिक्सला भिऊ नको, आधी सोपे प्रश्न सोडव. मावशी म्हणली मोबाईल लांब ठेव, आपण परीक्षा झाल्यावरच बोलू. जे मी सांगितलेलं तिनं ऐकलं नसतं, ते सगळं मी तुझ्या तोंडून सांगायला लागले. एक दिवस टेस्टमध्ये सातशे वीसपैकी पाचशे सत्त्याऐंशी आले. ती पळत जिना चढून आली. "मावशीला सांग! आत्ता सांग!" मी मोबाईल कानाला लावून जिन्यात गेले आणि मोठ्यानं बोलले, "हाव अक्का, पाचशे सत्त्याऐंशी... हाव... सांगते की." फोनवर पलीकडं कुणीच नव्हतं. आत येऊन म्हणाले, "लई खुश झाली. म्हणली, डॉक्टरच हो, दुसरं काही होऊ नको."

तिचा चेहरा असा उजळला, अक्का, की मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबला.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही मी आले नाही. पुन्हा दिवसभर उदगीरला गेले असते तर तिला संशय आला असता. सख्खी बहीण मी, आणि त्या दिवशी लातूरला बसून भेंडी चिरत होते.

परीक्षा नांदेडला होती. फाटकापाशी तिनं कानातलं काढून माझ्या हातात दिलं. अंगात अर्ध्या बाहीचा साधा कुर्ता, हातात पारदर्शक बाटली आणि प्रवेशपत्र. जाताना वळून म्हणाली, "मावशीला सांग, आत गेले म्हणून." मी मान हलवली. मग साडेतीन-चार तास आम्ही शंभरेक आईबाप झाडांखाली बसून होतो. 

मी ठरवलं होतं की निलंग्याला घरी गेल्यावर, तिच्या पप्पांसमोर सांगायचं. पण ती बाहेर आली, घामानं निथळत होती, आणि पहिलंच बोलली, "फिजिक्स लई अवघड होतं. बायोलॉजी एकदम मस्त! फोन दे, मावशीशी बोलते." आणि मी काही म्हणायच्या आत तुझा नंबर लावलासुद्धा.

"बंद येतोय. अजून दुरुस्त न्हाई केला का तिनं?"

मग मी सांगितलं. तिथंच, रस्त्याच्या कडेला. आजूबाजूला बाप लोक पोरांना विचारत होते किती सुटले, किती चुकले.

"कधी?"

"जयंती झाल्यावर. दोन दिवसांनी."

तिनं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "मग ते... डॉक्टरच हो म्हणली, ते?"

"मी म्हणले."

"बायोलॉजी वाच?"

"मीच."

ती रडली नाही. एका दुकानाच्या पायरीवर बसली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी रोज तिचं ऐकून अभ्यास करून राहिले होते, मम्मी. रोज." बसमध्ये माझ्या शेजारी जागा असून ती पुढं एका अनोळखी बाईजवळ जाऊन बसली. नांदेड ते निलंगा मी तिच्या पाठीकडं बघत आले.

नऊ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पप्पांशी बोलायची, मला फक्त हां, न्हाई. दहाव्या दिवशी पिशवी भरली आणि म्हणाली, "उदगीरला चालले. मालन सिस्टरकडं राहीन." मी अडवलं नाही. कुठल्या तोंडानं अडवणार?

तिथं तिनं काय केलं माहीत आहे? तू सांगितलेले आठ दिवस केले. मालन सिस्टरनी मोठ्या डॉक्टरांना विचारून तिला वॉर्डात बसू दिलं. रोग्यांना पाणी दे, एक्स-रेला धरून ने, कागद पोचव, एवढंच काम. पहिल्या दिवशी जखमेची पट्टी उघडली आणि हिला चक्कर आली, बाकावर झोपवावं लागलं. तिसऱ्या दिवशी तिचा मला फोन आला, किती दिवसांनी!

"मम्मी, मला न्हाई वाटत मला जमंल."

अक्का, दोन वर्षांपूर्वी असतं तर मी आकाशपाताळ एक केलं असतं. आता माझ्यात जोरच उरला नव्हता. मी म्हणाले, "बरं. ये घरी."

तिनं फोन ठेवला नाही. मग एका म्हाताऱ्याचं सांगायला लागली. शुगरनं त्याचा पाय काळा पडला होता. त्यानं हिलाच विचारलं, "बाई, पाय ऱ्हाईल का माझा?" 

"मला सगळं येत होतं, मम्मी. शुगर का वाढती, रक्त का पोचत न्हाई, सगळं. पण त्याला काय सांगायचं ते येत न्हवतं."

"मग?"

"सिस्टर म्हणल्या, मला माहीत न्हाई म्हण, अन् जवळ बस. मी बसले."

त्या दिवशी ती घरी आली नाही. दुसऱ्या दिवशी त्या म्हाताऱ्याला पाय काढायला नेलं तेव्हा दारापर्यंत त्याच्यासोबत गेली. आठ दिवस पुरे करून आली, माझ्यासमोर पिशवी ठेवली आणि म्हणाली, "नंबर लागला तर जाते मी." कुणी सांगितलं म्हणून नव्हे, हे तिच्या आवाजातच होतं. तू असतीस तर जिंकल्यासारखं माझ्याकडं बघितलं असतंस. बघ, हक्क होता तुझा!

मग निकाल लागला आणि माझं कौतुक सुरू झालं. हो, माझं! सगळे नातेवाईक म्हणायला लागले, "सुरेखानं काळीज घट्ट केलं म्हणून पोरगी डॉक्टर झाली." क्लासमध्ये सत्काराला बोलावलं. मॅडम माइकवर म्हणाल्या, ह्या ताईंनी घरातलं एवढं मोठं दुःख लेकीपासून लपवलं, बाकीच्या आयांना चार शब्द सांगा. सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या. प्रज्ञा पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती. "मला बोलता येत न्हाई," म्हणाले आणि खाली बसले. वर टाळ्या पडल्या, अक्का. लोकांना वाटलं, साधी बाई आहे.

मागच्या आठवड्यात ही खोली आवरायला आम्ही परत लातूरला आलो, तेव्हा वैष्णवीची मम्मी आली. संगीताबाई, कंधारच्या. पोरीनं पुन्हा एक वर्ष परीक्षेला द्यायचं ठरवलंय. दार लोटून जवळ बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुम्ही कसं केलं होतं वो? माझे सासरे आता काय दिवस काढणार न्हाईत. वैष्णवीला त्यांनीच वाढवलंय. तिला कळलं तर ती अभ्यास सोडंल. कसं लपवावं, सांगा की."

मी म्हणाले, "नका लपवू. तिला आजच घेऊन जा. त्यांना बोलता येतंय तंवर जा."

"अन् अभ्यास?"

"चार दिवस बुडंल. बुडू द्या. संगीताबाई, माझ्या लेकीचा घरातल्या कुणावर भरवसा राहिला न्हाई आता. मी म्हणले, पप्पा बरे हायत, तर ती म्हणती, व्हिडिओ कॉल लाव, बघू दे. मी म्हणले, मला काही झालं न्हाई, तर विचारती, खरं ना? साध्या भाजीला मीठ बरोबर पडलंय म्हणले तरी माझ्या तोंडाकडं बघती. हे किती वर्षं चालंल, मला माहीत न्हाई."

त्या उठल्या. चप्पल घालता घालता म्हणाल्या, "तुमचं काय वो. तुमच्या लेकीचा नंबर लागला."

  नंबर तर लागलाच होता.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीतून बघितलं, दोघी मायलेकी पिशवी घेऊन स्टँडकडं चालल्या होत्या. संगीताबाईंनी वर बघितलं नाही. वैष्णवी रडत होती, आणि आई तिच्या पाठीवर हात ठेवून चालत होती. परवा दोघी परत आल्या. आजोबा गेले. वैष्णवी आजपासून पुन्हा क्लासला जायला लागलीय. तिचं पुढं काय होईल कुणास ठाऊक. संगीताबाई माझ्याशी अजून बोलत नाहीत.

आणि आता आज दुपारचं. प्रज्ञा कपड्यांच्या घड्या घालत होती. मध्येच थांबून म्हणाली, "मम्मी, त्या अठरा दिवसांतलं मावशीचं खरं काहीच न्हवतं ना?"

"न्हाई."

"मग खरंच शेवटचं काय म्हणली ती? माझ्यासाठी?"

अक्का, मला वाटलं होतं ती हे कधी विचारणारच नाही. त्या जयंतीच्या फोनवर, मी पुढच्या रविवारी आणते म्हटल्यावर, तू काय म्हणाली होतीस ते तुला आठवतंय का? मी ते तिला तेव्हा सांगितलं नाही. तू जिवंत असतानाही नाही. मला भीती वाटली, हे ऐकलं तर पोरगी ढिली पडेल. आणि तू गेल्यावर मी त्याच्या बरोबर उलटं तुझ्या तोंडी घातलं. लपवण्यापेक्षा हे मोठं पाप होतं, आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आज सांगितलं. तुझेच शब्द, जसेच्या तसे. "तिला म्हणावं, नंबर न्हाई लागला तरी मावशीला काय फरक पडत न्हाई. डॉक्टर नको होऊ वाटलं तर नको होऊ म्हणावं. मला नुसतं बघायचं होतं तिला."

प्रज्ञानं हातातला कुर्ता खाली ठेवला. मला वाटलं आता पुन्हा नऊ दिवस. पण ती माझ्याजवळ येऊन बसली, डोकं माझ्या खांद्याला टेकवलं आणि म्हणाली, "हे तेव्हा सांगितलं असतंस तर मला झोप तरी लागली असती, मम्मी."

मग रडली. तुझ्यासाठी पहिल्यांदाच, माझ्यासमोर. मीही रडले. दोघी किती तरी वेळ त्या उघड्या पेटीपाशी बसून होतो.

जिन्यात तिच्या पावलांचा आवाज येतोय, आता संपवते. मला माफ कर असं लिहिणार होते, पण तू काही उत्तर देणार नाहीस, आणि तुझ्या नावानं उत्तर बनवायची माझी सवय मला मोडायचीय. म्हणून माफी मागत नाही, तुला वचन देते. घरात बरंवाईट जे होईल ते तिला त्याच दिवशी सांगेन, परीक्षा असो नाही तर काही असो. आणि नांदेडहून कधी तिचा फोन आला, की मम्मी, हे मला जमत नाही, तर मी पुन्हा म्हणेन, बरं, ये घरी. ह्या वेळी दमले म्हणून नाही. मनापासून म्हणेन, आणि माझ्या स्वतःच्या नावानं.

तुझी धाकटी,
सुरेखा